पुण्यात समाजकार्य उभं केलेल्या बायका – एका दिवसाच्या फेरीसाठी जागा सुचवा

वैजू_कोथरूड

नमस्कार मंडळी,

आमच्या सोसायटीच्या महिला मंडळाची दर जानेवारीत सहल असते. नारायणपूर, थेऊर, एकदा अलिबाग असं सगळं करून झालं. यंदा ३ जानेवारीला, म्हणजे सावित्रीबाईंच्या जयंतीलाच, बाहेरगावी न जाता पुण्यातच फिरूया असं मी सुचवलं, सगळ्या हो म्हणाल्या आणि आखणी माझ्याकडे आली. विषय असा की या शहरात ज्या बायकांनी समाजासाठी काम उभं केलं त्यांच्या जागा बघायच्या. आम्ही बावीसजणी, वय पस्तीस ते अठ्ठ्याहत्तर, दोघींचे गुडघे दुखतात, मिनीबस ठरवलीय.

माझी यादी सध्या एवढीच: भिडे वाड्याची जागा, गंज पेठेतला फुले वाडा, हुजूरपागा ही मुलींची जुनी शाळा, लक्ष्मी रोडचं सेवासदन आणि शेवटी हिंगणे म्हणजे आताचं कर्वेनगर.

एक गोष्ट डोक्यातून जात नाही म्हणून लिहिते. जुन्या कुठल्याही संस्थेत गेलं की भिंतीवर संगमरवरी पाटी असतेच, अमुक रावबहादूर रु. ५००, तमुक शेठ रु. १०००. त्यात वाईट काही नाही, त्यांच्या पैशाने भिंती उभ्या राहिल्या. पण त्या भिंतींच्या आत जिने तीस वर्षं पोरींचा स्वयंपाक केला, तापाने फणफणलेल्या मुलीच्या उशाशी रात्रभर बसली, ती कुठेय? माझी आत्या दर दिवाळीत कर्वे संस्थेच्या भाऊबीज फंडाचं पावतीपुस्तक घेऊन फिरायची. मी सात-आठ वर्षांची, तिच्यामागून. काखेत कापडी पिशवी, पिशवीत पावतीपुस्तक, दोन पेनं (एक मधेच बंद पडलं तर) आणि सुट्ट्या पैशांची पत्र्याची डबी. कोणी रुपया द्यायचं, कोणी पाच, कोणी दार अर्धं उघडून 'घरात पुरुषमाणूस नाहीये' म्हणायचं. आत्या सगळ्यांना एकाच आवाजात 'बरं, पुढच्या वर्षी येते' म्हणायची आणि खरंच पुढच्या वर्षी जायची. नारायण पेठेतल्या एका घरी ती सलग तीन वर्षं रिकामी परत आली, चौथ्या वर्षी त्या घरातल्या आजींनी स्वतःच्या कनवटीचे अकरा रुपये काढून दिले, ते मी डोळ्यांनी बघितलंय. आजी म्हणाल्या, पावतीवर माझं नाव लिही, ह्यांचं नको.

आत्याचं नाव कुठल्याच पाटीवर नाही. मला खरंच वाटतं की पुण्यातल्या संस्था अशा दारोदार फिरणाऱ्या आणि आत राबणाऱ्या बायकांनीच चालवल्या. तर अशा बायका, अशा जागा सुचवा.

पेठकर

धागा फार आवडला. भिडे वाड्याबद्दल आधीच सांगतो, जुनी वास्तू डिसेंबर २०२३ मध्ये पाडली, तिथे राष्ट्रीय स्मारक व्हायचंय. त्यामुळे १८४८ साली मुलींची शाळा इथे सुरू झाली एवढं जागेकडे बघून सांगता येईल, वाडा बघायला मिळणार नाही. समोर दगडूशेठ, गर्दी प्रचंड, मिनीबस तिथे उभीसुद्धा करू देणार नाहीत. सकाळी आठच्या आत जा आणि वेळ फुले वाड्यासाठी ठेवा.

चहाबाज

आठच्या आत जाणार असाल तर नाश्ता कुठे ते आधी ठरवा, बाकीचा इतिहास नंतर. बावीस बायका उपाशी पोटी बुधवार पेठेत, मला तर काळजीच वाटली.

वैजू_कोथरूड

@चहाबाज उपमा आणि शिरा डब्यातून येणार आहे, चहाचं तुम्ही सुचवा.

इतिहासवेडा

सावित्रीबाई म्हटलं की लोक शाळा आणि शेणगोळे यावर थांबतात. फुले वाड्यात गेलात तर मैत्रिणींना १८६३ सालची गोष्ट नक्की सांगा. काशीबाई नावाची एक तरुण ब्राह्मण विधवा, फसवली गेली, दिवस गेले, मूल झालं, आणि लोकलाजेने तिने ते मारलं. तिला काळ्या पाण्याची शिक्षा झाली. ज्याने फसवलं त्याचं काय झालं हे विचारू नका. ही बाई फुल्यांच्या ओळखीतल्या घरात स्वयंपाकाला होती. त्यानंतर जोतीराव-सावित्रीबाईंनी स्वतःच्या घरात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. कोणत्याही विधवेने यावं, गुपचूप बाळंत व्हावं, मूल न्यायचं तर न्यावं, ठेवायचं तर ठेवावं. १८८४ पर्यंत पस्तीस विधवा तिथे येऊन बाळंत झाल्या असं खुद्द जोतीरावांनी लिहून ठेवलंय.

आता विचार करा, पस्तीस बाळंतपणं म्हणजे काय. गरम पाणी, शेक, फडकी धुणं, रात्री-अपरात्री रडणारं पोर, आणि जिचं पोर आहे ती भीतीने अर्धमेली झालेली. हे सगळं कोणी केलं असेल? विचार जोतीरावांचा होता, मान्यच आहे, पण बाळंतिणीच्या खोलीत सावित्रीबाई होत्या. त्यातल्याच एका विधवेचा मुलगा त्यांनी दत्तक घेतला, यशवंत. तो पुढे डॉक्टर झाला.

आणि फातिमा शेख यांना विसरू नका. १८५६ मध्ये सावित्रीबाई आजारपणात माहेरी नायगावला होत्या, तिथून जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात त्यांना काळजी पडलीय की आपल्या मागे फातिमाला त्रास पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही. एका ओळीत पूर्ण बाई उभी राहते. त्याच शाळांमधली मुक्ता साळवे, मातंग समाजातली चौदा वर्षांची पोरगी, १८५५ साली मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिते आणि तो ज्ञानोदयात छापून येतो. मी तो वाचला तेव्हा दोन दिवस दुसरं काही वाचू शकलो नाही.

अनघा_सातारा

नायगाव आमच्या शेजारी!! इथून दर ३ जानेवारीला आम्ही जातोच. तुम्हीही या कधीतरी.

आबा_हडपसर

वर इतिहासवेडा यांनी यशवंतचं लिहिलं त्याला जोडून. १८९७ च्या प्लेगात डॉ. यशवंत यांनी आमच्या हडपसरकडे ससाणे मळ्यात दवाखाना टाकला होता. मुंढव्याच्या गायकवाडांचं पोरगं प्लेगानं आजारी पडलं, सावित्रीबाईंनी त्याला स्वतः पाठीवर घालून आणलं. पोरगं वाचलं, बाईंना लागण झाली, १० मार्च १८९७ ला गेल्या. वय छासष्ट. त्या वयात मुंढव्यावरून हडपसरपर्यंत पोर उचलून आणणं ही चेष्टा नाही, मी तो रस्ता सायकलने रोज केलाय. आता तिथे उड्डाणपूल आणि मॉल आहे, पण माझ्या आजोबांच्या तोंडी ही गोष्ट अशी यायची की जणू काल घडली. बस असेल तर हडपसरही घ्या, ताई.

सुचेता_के

यादीत पंडिता रमाबाई कशा नाहीत? १८८२ मध्ये पुण्यात आर्य महिला समाज त्यांनी काढला, त्याच वर्षी शिक्षणासाठीच्या हंटर आयोगासमोर साक्ष देऊन सांगितलं की बायकांना बायका डॉक्टर आणि बायका शिक्षक पाहिजेत. विधवांसाठी शारदा सदन मुंबईत १८८९ ला सुरू केलं आणि पुढच्या वर्षी पुण्यात आणलं. पुण्यातल्या विधवाश्रमांची सुरुवात तिथून होते.

मावळता

पंडिता रमाबाई विद्वान होत्या याबद्दल दुमत नाही, पण शारदा सदनातून धर्मांतरं झाली म्हणून रानडे-भांडारकरांसारख्या सुधारकांनीसुद्धा सल्लागार मंडळ सोडलं होतं. पालकांनी विश्वासाने मुली ठेवल्या होत्या. समाजकार्याच्या फेरीत हे नाव घालताना ही बाजूही सांगितली पाहिजे.

सुचेता_के

@मावळता सांगा की, जरूर सांगा. पण पूर्ण सांगा. त्या मुली कोण होत्या? आठ-दहा वर्षांच्या वयात नवरा मेला म्हणून केस काढून माजघरात कोंडलेल्या. त्यांना सदनात पाठवायला पालक तयार झाले याचं कारण दुसरं कोणी दार उघडत नव्हतं. केसरीत किती रकाने भरून आले, पण त्या रकान्यांनी एका तरी विधवेला दोन वेळचं जेवण घातलं का? माझी पणजी बालविधवा होती. तिच्यासाठी कुणीच काही उघडलं नाही, ती साठ वर्षं आमच्या घराच्या मागच्या खोलीत राहिली, लाल आलवणात. आमच्याकडे तिचा एकही फोटो नाही, कारण तिचा फोटो काढायचा असतो हे कुणाच्या मनातच आलं नाही. त्यामुळे मला या विषयावर थंडपणे बोलता येत नाही, माफ करा.

मावळता

ताई, तुमच्या पणजीबाईंबद्दल वाचून वाईट वाटलं. माझा मुद्दा रमाबाईंना वगळा असा नव्हता. पालकांचा राग खोटा नव्हता इतकंच म्हणतो. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून शेकडो मुली आणून केडगावला जगवल्या हे मलाही माहीत आहे आणि त्याला मी हात जोडतो.

इतिहासवेडा

दोघांचंही पटलं. आणि त्याच प्लेगच्या वर्षी सरकारी छावणीत बायकांना कसं वागवलं जातं यावर रमाबाईंनी इंग्रज सरकारविरुद्ध जाहीर लिहिलं, तेही मिशनची माणसं नाराज होतील याची पर्वा न करता. बाई कुणाच्याच खिशात नव्हती.

आता गंमत बघा. शारदा सदनातल्या अगदी पहिल्या विधवा विद्यार्थिनींपैकी एक गोदूबाई. १८९३ मध्ये तिच्याशी धोंडो केशव कर्व्यांनी पुनर्विवाह केला, त्याच आपल्या बाया कर्वे. आणि १८८२ च्या आर्य महिला समाजाच्या सभांना जाते म्हणून सासरच्या बायकांची बोलणी खाणारी तरुण सून म्हणजे रमाबाई रानडे. म्हणजे वैजूताई, तुमच्या यादीतल्या हिंगणे आणि सेवासदन या दोन्ही जागांचा माग काढत गेलात तर पंडिता रमाबाईंपाशीच पोचता.

पेठकर

बाया कर्व्यांचं नाव निघालं ते बरं झालं. अण्णांनी, म्हणजे धोंडो केशव कर्व्यांनी, १८९६ ला अनाथ बालिकाश्रम काढला तेव्हा स्वतःची पाच हजारांची विम्याची पॉलिसी आश्रमाच्या नावे करून टाकली. आपण शाळेत हा धडा 'केवढा त्याग' म्हणून शिकलो. माझ्या आईने हे वाचलं की ती एकच प्रश्न विचारायची, 'आणि घरात काय शिजलं?' पुनर्विवाह केला म्हणून मुरूडला गाववाल्यांनी बहिष्कार टाकलेला, पदरी लहान मुलं, मिळकत सगळी आश्रमाकडे, आणि उद्या नवऱ्याचं काही झालं तर हाताशी विमाही नाही. बाया यावर भांडल्या. भांडल्याच पाहिजेत! आणि भांडूनही संसार ओढला, त्याच कामासाठी वर्गणी मागत फिरल्या. माझ्या मते ती पाच हजारांची देणगी निम्मी बायांची आहे. हिंगण्याला गेलात की हे मोठ्याने सांगा.

वैजू_कोथरूड

@पेठकर हे वाचून मी फोन खाली ठेवला आणि पाच मिनिटं नुसती बसले. तुमच्या आईंना नमस्कार सांगा.

पेठकर

आई नाहीये आता. पण सांगतो.

सांगलीकरीण

हिंगण्याबद्दल अजून. आश्रम आधी शहरात सदाशिव पेठेत होता, प्लेगमुळे बाहेर जावं लागलं. गोखले नावाच्या गृहस्थांनी हिंगण्याला सहा एकर जमीन आणि ७५० रुपये दिले, त्यावर एक झोपडी उभी राहिली. रस्ता नाही, काही नाही, अण्णा फर्ग्युसनमध्ये शिकवून संध्याकाळी चिखल तुडवत तिथे जायचे. पण रात्री त्या माळरानावर विधवा आणि लहान मुली राहायच्या ना! त्यांची सोबत, स्वयंपाक, शिकवणं, सगळं पार्वतीबाई आठवले आणि त्यांच्यासारख्या बायकांनी सांभाळलं. आज कर्वेनगरला रात्री बारालाही रिक्षा मिळते म्हणून आपल्याला ते माळरान डोळ्यापुढे आणता येत नाही.

रसिका_ह्यूस्टन

पार्वतीबाई आठवले!! वाटच बघत होते कुणी नाव काढतंय का. त्या बायांच्या बहीण, म्हणजे अण्णांच्या मेव्हणी. विधवा, एक मुलगा पदरात, बऱ्याच मोठ्या वयात शिकायला बसल्या. आश्रमासाठी गावोगाव भाषणं करून वर्गणी गोळा केली. केशवपन केलेल्या अवस्थेतच पुनर्विवाहाच्या आणि शिक्षणाच्या बाजूने बोलायच्या, आणि नंतर एक दिवस ठरवून स्वतः केस वाढवले, लोक काय म्हणायचं ते म्हणाले. आणि मग १९१८ मध्ये, इंग्रजी जेमतेम येत असताना, चाळिशी उलटलेली ही कोकणातली बाई एकटी अमेरिकेत आली. खर्चाला पैसे नव्हते तर लोकांच्या घरी घरकाम केलं, भांडी घासली, त्यातून भाषणं दिली, आश्रमासाठी पैसे जमवले आणि १९२० ला परत गेली.

मी २००६ मध्ये इथे आले तेव्हा नवरा होता, फोन होता, मराठी मंडळ होतं, तरी पहिले सहा महिने रडत होते. दुकानात एक वाक्य बोलायचं तर आधी मनात तीनदा म्हणून बघायचे. त्या दिवसांत पार्वतीबाईंचं आत्मचरित्र हाताला लागलं आणि खरं सांगते, कणा ताठ झाला. आमच्या मंडळात मी दरवर्षी भाऊबीजेला एक छोटी वर्गणी गोळा करते, ती त्यांच्यामुळे. वैजूताईंच्या आत्यासारखीच पावती फाडते, फक्त आता ॲपवर.

नर्सताई

सेवासदनबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून मी लिहिते, मी निवृत्त परिचारिका, छत्तीस वर्षं सेवा. रमाबाई रानड्यांनी १९०९ मध्ये पुणे सेवासदन काढलं, गोपाळ कृष्ण देवधर बरोबर होते. शिवण, शिक्षिका होण्याचं शिक्षण हे सगळ्यांना माहिती असतं. पण चांगल्या घरच्या विधवांना त्यांनी ससूनमध्ये नर्सिंग शिकायला पाठवलं हे केवढं धाडस होतं ते आमच्या व्यवसायातल्यांनाच कळेल. परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावायचा, मलमूत्र काढायचं, रात्रपाळी करायची, आणि तो कुठल्या जातीचा कोण हे विचारायचं नाही. त्या काळात!

१९८१ मध्ये मी नोकरीला लागले तेव्हा मला पेठेत एका घरात खोली मिळता मिळता राहिली. सगळं ठरलं, आगाऊ भाडं दिलं, आणि मालकीणबाईंनी विचारलं नोकरी कुठे. नर्स म्हटल्यावर दुसऱ्या दिवशी पैसे परत. 'रात्री-अपरात्री येणं-जाणं असतं तुमचं.' मी पिशवी घेऊन त्या जिन्यावर बसून रडले. तर १९११-१२ च्या सुमाराला त्या पहिल्या मुलींनी काय काय ऐकलं असेल! रमाबाईंनी त्यांच्या राहण्याची वेगळी सोय केली होती, त्यामागचं शहाणपण मला त्या जिन्यावर कळलं.

रमाबाई येरवड्याच्या तुरुंगातही बायका कैद्यांना भेटायला नेमाने जायच्या, भजन-कीर्तन, चार शब्द बोलणं. आणि १९२० ला नगरपालिकेत वाद झाला की सक्तीचं मोफत शिक्षण फक्त मुलांना की मुलींनाही, तेव्हा मुलींच्या बाजूने पुण्याच्या बायका मोर्चा घेऊन रस्त्यावर उतरल्या, पुढे रमाबाई. माजघरातून सुरू झालेली बाई रस्त्यावर पोचली.

तळजाई

वा. नर्सताई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला.

कागदवेचीची_लेक

सगळं वाचतेय, छान लिहिलंय सगळ्यांनी. पण मला एक टोचतंय ते बोलू का? वरची बरीचशी नावं वाड्यातली. कोणीतरी वरून खाली देतंय आणि खालच्यांनी हात पसरलेत असंच चित्र येतं समाजसेवा म्हटलं की. माझी आई गुलटेकडीच्या बाजूला कचरा वेचायची. पाठीवर सिमेंटचं रिकामं पोतं शिवून केलेला झोळा आणि हातात लोखंडी आकडा. लोक चोर समजायचे, कुत्री अंगावर यायची, भंगारवाला काटा मारायचा. १९९३ ला कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत झाली, डॉ. बाबा आढाव, पौर्णिमा चिकरमाने, लक्ष्मी नारायण ही मंडळी होती, आधी एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षणाच्या कामातून त्या दोघी वस्त्यांमध्ये आल्या होत्या. त्यांचे उपकार आहेतच. पण संघटना उभी केली ती आईसारख्या बायकांनी. सही करता न येणारी बाई महापालिकेच्या अधिकाऱ्यासमोर उभी राहून सांगते की आम्ही शहराचा कचरा उचलतो, तुमचा खर्च वाचवतो, आम्हाला ओळखपत्र द्या. आणि ते मिळवलं.

ओळखपत्र आलं त्या दिवशी आईने ते प्लास्टिकच्या पिशवीत घालून देव्हाऱ्यात ठेवलं. आम्ही हसलो तर म्हणाली, हसू नका, माझं नाव पहिल्यांदा छापून आलंय.

वस्तीत कुणी वारलं की तिच्या चार मैत्रिणी घरोघर फिरून दहा-वीस रुपये गोळा करायच्या. पावती नाही काही नाही. पतपेढीत महिन्याला पैसे टाकायच्या ते एकमेकींच्या पोरींच्या फीला कर्ज मिळावं म्हणून. हा दानधर्म नाही का? तुमच्या आत्यात आणि माझ्या आईत काय फरक आहे ताई?

वैजू_कोथरूड

@कागदवेचीची_लेक काहीच फरक नाही. उलट मी पाटीवर नाव नाही म्हणून तक्रार करत होते आणि माझ्या यादीतल्या पाचही जागा पाटीवाल्याच आहेत, हे तुम्ही लिहिल्यावर दिसलं. तुमच्या आई आमच्याशी बोलायला येतील का? आम्ही त्यांच्याकडे येऊ, त्या म्हणतील तिथे.

इतिहासवेडा

+१. आणि यात जनाक्का शिंदे हे नाव जोडतो. विठ्ठल रामजी शिंद्यांची बहीण. सासरी छळ झालेली, भावाने हुजूरपागेत शिकवलेली. १९०६ ला निराश्रित साहाय्यकारी मंडळी मुंबईत सुरू झाली त्यात त्या पहिल्यापासून. अस्पृश्य मुलांचं वसतिगृह म्हणजे मुलांना न्हाऊमाखू घालणं, उवा काढणं, जेवू घालणं, हे सगळं जनाक्कांच्या अंगावर. नाना पेठेतला अहिल्याश्रम त्याच कामाचा, फुले वाड्याहून लांब नाही. विठ्ठल रामजींवर जाड ग्रंथ आहेत, जनाक्कांवर किती पानं मिळतात ते शोधून बघा.

शिरूरकर_पाटील

ग्रामीण भागाकडूनही एक नोंद घ्या. बानूबाई कोयाजी. पारशी डॉक्टरीण, १९४४ ला रास्ता पेठेतल्या केईएममध्ये आल्या तेव्हा ते चाळीस खाटांचं होतं, पन्नासेक वर्षांनी साडेपाचशे खाटांचं करून बाजूला झाल्या. पण आम्हाला त्या आठवतात ते वढूमुळे. सत्तरच्या दशकात त्यांनी वढू बुद्रुकला आरोग्य प्रकल्प काढला, गावातल्याच बायका-पोरींना शिकवलं, जुलाब झाला तर मीठ-साखर-पाणी कसं द्यायचं, पोटुशी बाईत कुठली खूण दिसली की लगेच दवाखाना. माझी चुलती त्यातली. चौथी पास. तिच्या ट्रंकेत औषधाच्या गोळ्या, कापूस आणि एक वही. गावात सरपंचापेक्षा तिच्या दारात जास्त गर्दी. बाईंना १९९३ ला मॅगसेसे मिळालं तेव्हा चुलतीने गावात पेढे वाटले, स्वतःच्या पैशाने.

सुचेता_के

पारशांवरून आठवलं, लष्कर भागात फ्रान्सिना सोराबजी यांनी १८७६ मध्ये व्हिक्टोरिया हायस्कूल काढलं होतं, कुठल्याही धर्माची मुलं एका वर्गात. कॉर्नेलिया सोराबजी, भारतातली पहिली बाई वकील, त्यांचीच मुलगी. दुसरी मुलगी सूझी, तिने सेंट हेलेना काढली. पेठांच्या पलीकडेही पुणं आहे :)

पेठकर

मान्य, मान्य! मी पेठकर असूनही मान्य.

चहाबाज

मधल्या काळातल्या शकुंतला परांजपे राहिल्या. तीसच्या-चाळीसच्या दशकात पुण्यात बसून बायकांना संततिनियमनाचा सल्ला द्यायचा, तोही मोफत, म्हणजे काय ऐकून घ्यावं लागलं असेल. माझ्या आजीला सातवं मूल झाल्यावर शेजारणीने गुपचूप 'त्या परांजप्यांच्या मुलीकडे जाऊन ये' असं सांगितलं होतं. आजी गेली. आठवं झालं नाही. आजी नव्वद वर्षं जगली आणि हे तिने आम्हा नातवंडांना शेवटच्या वर्षी सांगितलं.

तळजाई

आणि नंतरच्या पिढीतल्या विद्या बाळ. १९८२ ला नारी समता मंच, नवऱ्याच्या घरी मरण पावलेल्या मंजुश्री सारडा या तरुण विवाहितेच्या मृत्यूनंतर 'मी एक मंजुश्री' हे प्रदर्शन घेऊन गावोगाव. मी कॉलेजात होते, प्रदर्शनाच्या मागच्या बाजूला बायका येऊन हळूच बोलायला लागायच्या, 'माझंही असंच आहे'. त्यातूनच बोलतं करायचं केंद्र निघालं. निर्मलाताई पुरंदऱ्यांचं वनस्थळी पण घ्या, १९८१ पासून खेड्यातल्या बायकांना बालवाडी शिक्षिका केलं.

मावळता

इतकी नावं झाली की आता बस चार दिवस फिरवावी लागेल. वैजूताई, शेवटी मार्ग काय ठरला?

वैजू_कोथरूड

ठरला. सकाळी साडेसातला भिडे वाड्याची जागा, तिथून फुले वाडा (तिथेच उपमा-शिरा), मग नाना पेठेत अहिल्याश्रम, रास्ता पेठेत केईएमच्या बाहेर थांबून वढूच्या चुलतीबाईंची गोष्ट, दुपारी सेवासदन, हुजूरपागा जाता जाता, आणि शेवटी हिंगणे. हडपसर यावेळी जमत नाही आबा, रागावू नका. गुडघेवाल्या दोघी पेठांमध्ये बसमध्येच बसणार, नर्सताईंनी त्यांच्याबरोबर यायचं कबूल केलंय.

आबा_हडपसर

रागवत नाही. पण सासवड रोडला कधी आलात तर ससाणे मळा कुठे होता ते दाखवतो.

वैजू_कोथरूड

मंडळी, काल जाऊन आलो. थोडक्यात लिहिते कारण पाय अजून दुखतायत.

फुले वाड्यात जयंतीची गर्दी होती, शाळेच्या मुली लेझीम घेऊन आलेल्या. १८६८ ला अस्पृश्यांसाठी खुला केला तो हौद बघितला, तिथेच बसून मी १८६३ ची काशीबाईची गोष्ट सांगितली. आमच्यातल्या एक काकू, कधीच फार बोलत नाहीत, त्या म्हणाल्या आमच्या गावात अशी विहीर होती, बायका त्या विहिरीचं पाणी प्यायच्या नाहीत. कारण कुणी विचारलं नाही.

कागदवेचीची_लेक आणि त्यांच्या आई तिथेच भेटल्या. आईंनी ओळखपत्र आणलं होतं, जुनं, कडेने पिवळं पडलेलं. ते बावीसजणींच्या हातातून फिरलं. आमच्या सोसायटीतला कचरा कोण नेतं, तिचं नाव काय, असं आईंनी विचारलं. बावीसपैकी तिघींना सांगता आलं. मी त्या तिघींत नव्हते.

हिंगण्याला पोचेपर्यंत ऊन कललं होतं. पेठकरांच्या आईचा प्रश्न मी मोठ्याने विचारला, 'आणि घरात काय शिजलं?' अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आजी बसमधून उतरून काठी टेकत आल्या होत्या. त्यांनी पर्समधून एक घडी घातलेला कागद काढला, भाऊबीज फंडाची जुनी पावती, त्यांच्या सासूच्या नावाची. रक्कम दोन रुपये. सही माझ्या आत्याची आहे का ते मी खूप वेळ बघत बसले. नाहीये. दुसऱ्याच कुणा बाईची आहे, वळणदार अक्षर.

रसिका_ह्यूस्टन

त्या पावतीचा फोटो टाका ना.

वैजू_कोथरूड

आजी म्हणाल्या फोटो नको, पण कुणाला बघायची असेल तर घरी या, चहा करते.

सुचेता_के

पुढच्या वर्षी केडगाव करूया? पंडिता रमाबाईंचं तिथलं मुक्ती मिशन अजून चालू आहे. मी येते तुमच्याबरोबर, चालत असेल तर. मावळता, तुम्हीपण या.

मावळता

येतो. दौंडकडे जाणारी सकाळची शटल कितीला आहे?

पेठकर

वेळ बघून सांगतो. पण बावीसजणींना जागा मिळायची तर लवकर जाऊन उभं राहावं लागेल, रूमाल मी टाकतो.